बोटीत इंजिन गाडीचंच असतं, मग गाडीचं इंजिन उचलून बोटीत का टाकता येत नाही?

मे महिना. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. तळ्यांवरचा बर्फ वितळून गेलेला असतो आणि सहा-सात महिने शेडमध्ये झाकून ठेवलेल्या बोटी बाहेर निघतात. पोरं लाइफ जॅकेट घालून तयार असतात. घरातला कर्ता माणूस बोटीच्या मधोमध असलेला इंजिनचा डबा उघडतो, ऑइल बघायला डिपस्टिक बाहेर काढतो आणि तिथेच थबकतो.

ऑइल काळं नाही, सोनेरीही नाही. टपरीवरच्या चहासारखं दुधाळ दिसतंय.

दुधाळ ऑइल म्हणजे ऑइलमध्ये पाणी. आणि हिवाळ्यानंतर ऑइलमध्ये पाणी सापडलं, तर बहुतेक वेळा एकच अर्थ निघतो. इंजिनमध्ये राहिलेलं पाणी थंडीत गोठलं आणि त्याने बिडाचा ब्लॉक फोडला.

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात दर उन्हाळ्याच्या तोंडावर असे किस्से घडतात. त्यानंतर प्रश्न पडतो, आता कुठलं इंजिन टाकायचं? वरवर बघता सोपं वाटतं. कारण या बोटींमधली इंजिनं मुळात शेवरले आणि फोर्डच्या गाड्यांमधलीच असतात. भंगारात पडलेल्या एखाद्या पिकअपचं इंजिन काढायचं, बोटीत टाकायचं, विषय संपला.

पण तसं केलं तर बोट चालणार नाही, चुकीच्या दिशेने चालेल किंवा सरळ पेट घेईल. यातलं तिसरं गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

आधी ही बोट काय असते ते बघू

आपल्याकडे तारकर्लीला किंवा गोव्यात बनाना राइड ओढणाऱ्या बोटी पाहिल्या असतील, तर त्यातल्या बऱ्याच बोटींचं इंजिन मागच्या बाजूला बाहेर लटकवलेलं असतं. याला आउटबोर्ड म्हणतात. ते बिघडलं तर सोडवायचं, दुसरं लावायचं. काम तुलनेने सोपं.

स्की बोटीचं तसं नसतं. वॉटर स्कीइंग म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून, पायात फळ्या अडकवून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने मिनेसोटातल्याच लेक पेपिनवर तो पहिल्यांदा करून दाखवला, असं मानलं जातं. पुढे या खेळासाठी खास बोटी बनायला लागल्या. करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक, मास्टरक्राफ्ट, मालिबू ही त्यातली गाजलेली नावं.

या बोटींमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असतं, म्हणून इनबोर्ड. स्लॅलमसाठीच्या जुन्या पद्धतीच्या बोटीत ते बरोब्बर मध्यभागी बसतं. त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून एक सरळ दांडा बोटीच्या तळातून तिरका खाली पाण्यात जातो. त्याच्या टोकाला पंखा, म्हणजे प्रोपेलर. काही बोटींमध्ये इंजिन मागच्या टोकाला उलटं बसवतात आणि गिअरबॉक्समधून दांडा वळवून पुन्हा मागे नेतात. त्याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात.

इंजिन मध्यभागी ठेवायला कारण आहे. वजन मध्यावर असलं की बोट पाण्यावर सपाट बसते आणि मागे उठणारी लाट बुटकी राहते. स्कीअरला दर काही सेकंदांनी ती लाट ओलांडायची असते. लाट उंच झाली तर तो त्याच्यासाठी स्पीडब्रेकर ठरतो.

इंजिन मरतं कसं?

गाडीत रेडिएटर असतो. तेच पाणी आणि कूलंट पुन्हा पुन्हा फिरतं. जुन्या स्की बोटींमध्ये रेडिएटरच नसतो. पंप तळ्यातलं पाणी खेचतो, ते इंजिनमधून फिरतं आणि सायलेन्सरच्या वाटेने धुरासोबत बाहेर पडतं. आख्खं तळं म्हणजेच रेडिएटर.

उन्हाळ्यात हे उत्तम चालतं. हिवाळ्यात मात्र ब्लॉकमध्ये उरलेलं पाणी घात करतं. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. बिडाचा ब्लॉक फुगत नाही, तो तडकतो. म्हणून दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत ब्लॉकचे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे आणि पंपाचे नळ उघडून पाणी काढावं लागतं. एखाद्या वर्षी राहून गेलं किंवा नळाच्या तोंडाशी गाळ अडकला आणि पाणी निघालं असं नुसतं वाटलं, तर एका रात्रीत इंजिन जातं.

पहिला प्रश्न: इंजिन खरंच गेलंय का?

नवं इंजिन शोधायच्या आधी जुनं नक्की मेलंय का हे तपासायला हवं. दुधाळ ऑइल दिसलं की ब्लॉक फुटला, असं दर वेळी नसतं. हेड गॅस्केट गेलं असेल तरी पाणी ऑइलमध्ये येतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजून फुटला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि तिथून खाली ऑइलमध्ये. मॅनिफोल्ड बदलणं आणि इंजिन बदलणं यात खर्चाचा फरक कित्येक पटींचा आहे.

तपासायची रीत ठरलेली आहे. आधी सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवतात. पाणी उडालं तर ते सिलिंडरमध्ये आहे हे कळतं. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतात. आठही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा १५-२० टक्के खाली असेल तर तिथे गडबड आहे. त्यानंतर पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब भरतात आणि तो टिकतो का ते बघतात.

थंडीने आलेली भेग बहुतेक ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या खोबणीत सापडते. बाहेरची भेग डोळ्यांना दिसते. आतली दिसत नाही, पण ऑइल दुधाळ करते ती हीच.

भेग नक्की झाली की वेल्डिंग किंवा केमिकल लावून भागवायचा मोह होतो. बिडाचं वेल्डिंग अवघड असतं आणि ते टिकेल याची खात्री कमी. इथून पुढे खरी निवड सुरू होते.

मरीन इंजिनमध्ये वेगळं काय असतं?

पीसीएम, इंडमार, मर्करी, इल्मॉर ही स्की बोटींच्या इंजिनांमधली मोठी नावं. यातल्या कंपन्या वर्षानुवर्षं जनरल मोटर्स किंवा फोर्डकडून ब्लॉक घेऊन त्यांना ‘मरीन’ बनवत आल्या आहेत. म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन बऱ्याच अंशी गाडीचे. फरक बाकीच्या गोष्टींमध्ये असतो, आणि जीव त्याच गोष्टींवर अवलंबून असतो.

पहिली गोष्ट आगीची. गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोल सांडलं तर त्याची वाफ खालून निघून जाते, कारण गाडीला खालून वारा लागतो. बोटीचं पोट मात्र बंद भांडं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती तळाशी साचून राहते. तिथे एक ठिणगी पुरते.

गाडीचा साधा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या आत सतत बारीक ठिणग्या पडत असतात. मरीन पार्ट्समध्ये त्या ठिणग्या बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाहीत अशी बांधणी असते. दिसायला दोन्ही सारखेच. गाडीचा पार्ट स्वस्तात मिळतो आणि तो बरोब्बर बसतोही. म्हणूनच तो धोकादायक.

कार्ब्युरेटरचंही तसंच. गाडीचा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर सांडू शकतं. मरीन कार्ब्युरेटर ते इंजिनच्या आतच जाईल अशा पद्धतीने बनवलेला असतो. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला, तर गळणारं पेट्रोल बोटीत न पडता नळीवाटे कार्ब्युरेटरकडे जातं. एअर फिल्टरच्या जागी फ्लेम अरेस्टर असतो, म्हणजे इंजिनने बॅकफायर केला तरी ज्वाळा बाहेर येत नाही. अमेरिकेत एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इनबोर्ड इंजिनांना बॅकफायरची ज्वाळा रोखण्याची अशी सोय कायद्याने सक्तीची आहे. शिवाय स्टार्ट मारायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर चालवून पोटातली वाफ बाहेर काढायची, हा तिथल्या बोटवाल्यांचा पाठ नियम आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तळ्याचं पाणी सतत आतून फिरत असल्याने ब्लॉकच्या भोकांना लावलेली बुचं पितळेची असतात. गाडीत ती लोखंडी पत्र्याची असतात आणि बोटीत ती लवकर गंजून गळतात. हेड गॅस्केटही गंज न धरणारं लागतं.

तिसरी गोष्ट कॅमशाफ्टची. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळलेलं असतं. इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व जास्त वेळ एकाच वेळी उघडे राहतील असा रेसिंगचा कॅम टाकला, तर इंजिन हळू चालत असताना एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जातं. गाडीत भन्नाट वाजणारा कॅम बोटीत नवं इंजिन खाऊन टाकू शकतो. मरीन कॅममध्ये हा वेळ कमी ठेवलेला असतो.

चौथी गोष्ट लोडची. हायवेवर एका वेगात जाणारी गाडी आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते आणि उतार आला की इंजिनला विसावा मिळतो. बोटीला उतार नावाची गोष्टच नाही. सामान भरलेला ट्रक दिवसभर खंबाटकी घाट चढतोय असं समजा. म्हणून मरीन इंजिन कमी आणि मधल्या आरपीएमला भरपूर ओढ देणारं आणि तासन्‌तास तापलं तरी टिकणारं लागतं.

घड्याळाच्या उलट की सुलट?

अनेकांचे पैसे बुडतात ते इथे.

गाडीचं नेहमीचं इंजिन फ्लायव्हीलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. बोटींच्या दुनियेत याला लेफ्ट हँड रोटेशन म्हणतात. पण काही बोटींमध्ये याच्या बरोब्बर उलटं फिरणारी इंजिनं बसवलेली असतात. दोन इंजिनांच्या मोठ्या बोटीत एक सुलट आणि एक उलट ठेवतात, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. काही जुन्या स्की बोटींमध्येही एकटं इंजिन उलट फिरणारं असतं.

अशा बोटीत नेहमीचं इंजिन टाकलं तर प्रोपेलर उलटा फिरतो. गिअर पुढे टाकला की बोट मागे जाते.

मग रिव्हर्स गिअरमध्ये टाकून पुढे चालवायची का? तेही नाही. या बोटींमधल्या वेल्व्हेट ड्राइव्हसारख्या जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स हा धक्क्यावर बोट मागे घेण्यापुरता असतो. तासन्‌तास त्यावर चालवली तर गिअरबॉक्स जातो.

इंजिन उलट फिरवायला नुसती वायर बदलून चालत नाही. कॅमशाफ्ट, स्टार्टर, क्रँकचं मागचं सील, फायरिंग ऑर्डर असं बरंच काही बदलावं लागतं. त्यामुळे सोपा मार्ग उलटा आहे. नेहमीचं इंजिन घ्यायचं, गिअरबॉक्सचा पंप त्या दिशेला जुळवून घ्यायचा आणि विरुद्ध हाताचा प्रोपेलर लावायचा. पण हे इंजिन विकत घ्यायच्या आधी ठरवावं लागतं. म्हणून जुनं इंजिन उचलायच्या आधी ते कुठल्या दिशेने फिरतं हे बघून लिहून ठेवणं, ही या सगळ्या कामातली पहिली पायरी. यासाठी मोबाइलवर काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओही पुरतो.

५.७ लिटर म्हणजे नक्की कुठलं ५.७?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, शेवरले ३५०, ५.७ लिटर. बोटीतही ३५०, ५.७ लिटर. जुळलं की!

नाही जुळलं.

शेवरलेचा स्मॉल ब्लॉक १९५५ साली आला. त्याचा ३५० घनइंचाचा अवतार १९६७ पासून. तेव्हापासून आकडा तोच राहिला, आतल्या गोष्टी मात्र बदलत गेल्या. १९८५ पर्यंतच्या इंजिनात क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून एका तुकड्याचं झालं. त्यासोबत फ्लायव्हीलचे बोल्ट आणि त्याचं बॅलन्सही बदललं. म्हणजे जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकवर बसत नाही. १९९६ मध्ये व्हॉर्टेक हेड आलं. ते जास्त चांगलं, पण त्याच्या इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट वेगळे, म्हणजे जुना मॅनिफोल्ड चालत नाही. आणि १९९७ मध्ये कॉर्व्हेटसोबत आलेलं एलएस१ इंजिनही ५.७ लिटरचंच म्हणून ओळखलं जातं, पण त्याचा जुन्या ३५० शी जवळपास काहीच संबंध नाही.

फोर्डवाल्यांची वेगळी भानगड. बऱ्याच जुन्या स्की बोटींमध्ये फोर्डचं ३५१ विंडसर, म्हणजे ५.८ लिटरचं इंजिन असतं. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे ३०२. दिसायला मिळतंजुळतं. पण जुन्या ३०२ ची फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८ आणि ३५१ ची १-३-७-२-६-५-४-८. एकाच्या जागी दुसरं टाकून प्लगच्या वायरी जुन्याच क्रमाने लावल्या तर इंजिन फटाके फोडतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०२ चं फ्लायव्हील बॅलन्सही बदललं, ३५१ चं बदललं नाही. चुकीचं फ्लायव्हील लागलं तर इंजिन थरथरून बेअरिंग खातं. आणि ३५१ क्लीव्हलँड नावाचं एक तिसरंच इंजिन आहे. त्याचा नुसता आकडा विंडसरसारखा.

यावर उपाय म्हणजे स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत नंबर असतो, त्याला कास्टिंग नंबर म्हणतात. शेवरले स्मॉल ब्लॉकवर तो मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेजवळ सापडतो. तो नंबर तपासला की ब्लॉक साधारण कुठल्या काळातला आणि कुठल्या प्रकारचा हे कळतं.

मग पर्याय कोणते?

१. जुनंच इंजिन बांधून घेणं. ब्लॉकला भेग नसेल आणि फक्त झीज झाली असेल तर हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता. आपल्याकडे ‘इंजिनचं काम काढलं’ म्हणतात तेच. सिलिंडर बोअर करायचे, पिस्टन-रिंग-बेअरिंग नवे टाकायचे. सगळे भाग एकमेकांना जुळणारेच असल्याने वरच्या अडचणी येत नाहीत. चांगला मशीनिस्ट मिळणं महत्त्वाचं.

२. लाँग ब्लॉक. म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कॅम आणि हेड असं तयार जोडलेलं इंजिन. कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड, पंप हे आपल्या जुन्या इंजिनवरून काढून त्यावर लावायचे. ब्लॉक फुटलेल्यांपैकी बरेच जण हाच मार्ग घेतात. खर्च काही हजार डॉलर. घेताना ‘मरीन’ असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं, म्हणजे पितळेची बुचं, मरीन गॅस्केट आणि मरीन कॅम मिळतो. एक छुपा खर्चही असतो. रीबिल्ट इंजिन विकणारा जुना ब्लॉक परत देण्याच्या अटीवर डिपॉझिट घेतो. ब्लॉक फुटलेला असेल तर ते डिपॉझिट बहुतेक परत मिळत नाही.

३. दुसऱ्या बोटीतलं जुनं इंजिन. एखाद्या बोटीचा सांगाडा सडलेला असतो पण इंजिन ठणठणीत असतं. आख्खी बोट विकत घेऊन इंजिन काढणारेही आहेत. हे स्वस्त पडतं, पण विकणाऱ्याच्या शब्दावर घेण्यात अर्थ नाही. इंजिन समोर चालू करून दाखवलं आणि कॉम्प्रेशन मोजू दिलं तरच. वेगळ्या प्रकारच्या ड्राइव्हच्या बोटीतलं इंजिन असेल तर माउंट, एक्झॉस्ट आणि कपलर वेगळे असतात. तिथे नुसता आतला भाग वापरायचा आणि बाहेरचं सगळं आपलं लावायचं.

४. पूर्ण नवं मरीन इंजिन. फ्युएल इंजेक्शन, कॉम्प्युटर, वॉरंटी सगळं मिळतं. थंडीत लगेच स्टार्ट होतं, पेट्रोल कमी पितं, वेग एकसारखा ठेवतं. पण किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. वर नवी वायरिंग, जास्त दाबाचा फ्युएल पंप, कधी टाकीपर्यंतची नळी, कधी डॅशबोर्डचे काटेही बदलावे लागतात. तीस वर्षं जुन्या बोटीची बाजारातली किंमत अनेकदा त्यापेक्षा कमी असते.

५. गाडीचं इंजिन आणून स्वतः मरीन बनवणं. हे होतं. करणारे करतात. पण वर सांगितलेला प्रत्येक भाग एकेक करून बदलावा लागतो. सगळे बदलले तर शेवटी लाँग ब्लॉकपेक्षा फार काही वाचत नाही. जो वाचवतो तो बहुतेक एखादा भाग बदलायचं टाळूनच वाचवतो, आणि तो भाग नेमका ठिणगी पाडणारा असू शकतो.

आता बदलतोच आहोत तर मोठंच घेऊ का?

हा मोह सगळ्यांना होतो. स्मॉल ब्लॉकच्या जागी बिग ब्लॉक, २५० हॉर्सपॉवरच्या जागी ४००.

पण स्की बोटीला टॉप स्पीडची फारशी गरज नसते. स्लॅलम स्पर्धेत पुरुषांच्या खुल्या गटाचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांचा ५५. जुनी ३५० किंवा ३५१ ची बोट हे आरामात करते. लागते ती माणसाला पाण्यातून उचलणारी ओढ आणि त्यानंतर न हलणारा वेग.

गिअरबॉक्ससकट मरीन स्मॉल ब्लॉकचं वजन ४०० किलोच्या आसपास जातं. बिग ब्लॉक त्याहून बराच जड. बोट खाली बसते, लाट बदलते. ज्या बुटक्या लाटेसाठी ही बोट घेतली तीच बिघडते. शिवाय गिअरबॉक्स, दांडा आणि प्रोपेलर जुन्या ताकदीच्या हिशेबाने बसवलेले असतात.

थोडी जास्त ताकद हवी असेल तर चांगली हेड असलेला त्याच घराण्यातला लाँग ब्लॉक घेणं हा समंजस मार्ग. वजन तेच राहतं आणि जागाही तीच.

इंजिन बाहेर आहे तोवर

इंजिन उचललं की बोटीचं पोट मोकळं होतं. वर्षानुवर्षं न दिसलेल्या गोष्टी तेव्हा दिसतात. यातली सगळ्यात मोठी म्हणजे स्ट्रिंगर. तळाला लांबीने बसवलेल्या या तुळयांवरच इंजिन बोल्टने बसतं. अनेक जुन्या बोटींमध्ये त्या फायबरग्लासने मढवलेल्या लाकडाच्या असतात. बोल्टच्या भोकातून पाणी आत गेलं की लाकूड आतून सडतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

इंजिनचा बोल्ट पिळला आणि तो घट्ट न होता फिरतच राहिला, तर लाकूड गेलं समजायचं. सडलेल्या तुळईवर नवं इंजिन बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौलं घालणं. हे काम मोठं निघालं तर बोटच बदलावी का, हा प्रश्न इथे विचारायचा असतो. इंजिन विकत घेतल्यानंतर विचारून उपयोग नाही.

याच वेळी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रबरी नळ्याही तपासायच्या. ब्लॉक ज्या थंडीने फोडला, तिने मॅनिफोल्ड सोडला असेलच असं नाही. फुटका मॅनिफोल्ड नव्या लाँग ब्लॉकवर चढवला तर पहिल्याच फेरीत पुन्हा दुधाळ ऑइल.

एक्झॉस्ट गळण्याचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोटीच्या मागच्या फळीवर बसलेल्या किंवा अगदी मागे पोहणाऱ्या माणसांचे जीव या वायूने गेलेले आहेत. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलपासून नव्या इनबोर्ड इंजिनांसाठी प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. जुन्या बोटीत बदली म्हणून बसणाऱ्या इंजिनांना काही अटींवर सूट मिळते. त्यामुळे आजही बऱ्याच जुन्या बोटी कन्व्हर्टरशिवाय चालतात आणि त्यांच्या मागे बसणं तितकंच धोक्याचं राहतं.

बसवलं, आता?

इंजिन आणि दांडा एका रेषेत आणणं हे शेवटचं नाजूक काम. गिअरबॉक्सची आणि दांड्याची चकती एकमेकींना टेकवून त्यांच्यातली फट फीलर गेजने चारही बाजूंना मोजतात. फरक एका इंचाच्या हजार भागांतल्या तीन भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही नाही. ट्रेलरवर आणि पाण्यात बोटीचा आकार किंचित बदलतो, म्हणून शेवटची मोजणी बोट पाण्यात तरंगत असताना करतात. हे चुकलं तर बोट थरथरते आणि गिअरबॉक्सचं सील, दांड्याचं बेअरिंग लवकर जातं.

जुन्या पद्धतीच्या कॅमचं इंजिन असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर चालवायची असतात, नुसतं हळू घुमवत ठेवायचं नसतं. त्या वेळी पाण्याची पाइप जोडलेली हवीच. पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरलं तर थोडक्यात जळतं.

मग पाण्यात फुल थ्रॉटल देऊन आरपीएम बघायचा. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या टप्प्यापर्यंत तो पोचला नाही तर प्रोपेलर जड पडतोय. टप्पा ओलांडला तर हलका पडतोय. प्रोपेलर बदलणं हा इंजिन बदलण्याचाच भाग आहे, हे बरेच जण विसरतात.

थोडक्यात सांगायचं तर

विकत घ्यायच्या आधी पाच गोष्टी कागदावर हव्यात. जुनं इंजिन खरंच गेलंय का. ते कुठल्या दिशेने फिरतं. कास्टिंग नंबर काय सांगतो. स्ट्रिंगर धडधाकट आहेत का. आणि येणाऱ्या इंजिनवरचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि फ्युएल पंप मरीन आहेत का. पहिल्या चारांत चूक झाली तर पैसे जातात. पाचवीत झाली तर बोटीत बसलेल्यांचा जीव जाऊ शकतो.

आणि सहावी गोष्ट नवं इंजिन बसल्यानंतरची. पुढच्या थंडीआधी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि मॅनिफोल्डचे नळ उघडायचे, तारेने आतला गाळ टोकरायचा आणि पाणी खरंच बाहेर आलं का हे डोळ्यांनी बघायचं. काम फार तर तासाभराचं. ते राहून गेलं, तर मे महिन्यात डिपस्टिकवर पुन्हा चहा.